काळे कप्पे

मंगळवार, रात्री साडेदहा

आज चौतिसावा आठवडा लागला आणि सोनोग्राफीत बाळाभोवतीच्या पाण्याचा आकडा 7.9 आला. दोन आठवड्यांपूर्वी 11 होता. हा आकडा आता सासूबाईंना, मावशीला, खालच्या काकूंनाही पाठ झालाय. संध्याकाळपासून आईचा फोन काही थंड झालेला नाही.

तो आकडा निघतो कसा, ते मात्र मी आजच नीट पाहिलं. गर्भलिंगनिदान होत नसल्याच्या पाटीखाली पडल्या पडल्या. बेंबीतून उभी-आडवी रेघ मारल्यासारखे पोटाचे चार भाग. प्रत्येक भागात प्रोब सरळ उभा धरायचा, पडद्यावर पाण्याचा काळा कप्पा शोधायचा, त्याची सगळ्यात जास्त उभी खोली सेंटिमीटरमध्ये मोजायची. चारांची बेरीज म्हणजे एएफआय, गर्भजलाचा निर्देशांक. उजवीकडे वर चांगला ऐसपैस कप्पा सापडला, डॉक्टरांनी 2.9 ची रेघही मारली. मग रक्तप्रवाह दाखवणारा रंग चालू केला तर सगळं लाल-निळं! नाळ होती ती. रेघ पुसली. शेजारी 1.4 मिळाले. उगाचच कुणीतरी आपले दीड सेंटिमीटर ढापल्यासारखं वाटलं मला. तेवढ्यात बाळानं पाय मारला आणि दुसरा कप्पाही सरकला, तो पुन्हा मोजला. मागच्या वेळी मोजणारे डॉक्टर वेगळे होते. 11 आणि 7.9 शेजारी ठेवून रडायचं कितपत, हा प्रश्नच आहे.

"पाचच्या खाली गेलं तर काळजी. आठपर्यंत काठावरचं. सगळ्यात खोल कप्पा 2.6 आहे, दोनच्या वर, म्हणजे आज ठीक," आजच्या डॉक्टर म्हणाल्या. अंगावरून पाणी जातंय का, हे दोनदा विचारलं. बीपी पाहिलं. पुढच्या मंगळवारी परत. बाळ कमी हललं तर मात्र मंगळवारची वाट न बघता लगेच.

घरी आल्यावर आईला सांगितलं की या महिन्यांत ते पाणी म्हणजे बहुतेक बाळाची शूच असते, तेच पितं, तेच सोडतं. आई क्षणभर गप्प. मग, "अगं बाई! आणि मी मेली शहाळी आणतेय त्यासाठी!"

शहाळी आणायची थांबली नाही. डॉक्टरांनीही भरपूर पाणी प्यायला सांगितलंय, त्यामुळे माझ्या बाटलीवर तिनं मार्करनं रेघा मारल्यात: दहा, बारा, दोन, चार, सहा. सहाच्या रेघेखाली अजून चार बोटं पाणी आहे आणि ती दारात उभी आहे.