कर्ता नसलेलं वाक्य

हिरोशिमाला जाऊन आले त्याला दोन महिने झाले, लिहू लिहू म्हणत राहूनच गेलं.

फोटोत दिसतो तो मोडका घुमट समोर बघितला की बराच लहान वाटतो. १९१५ साली बांधलेली इमारत. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठला इथून जेमतेम दीडशे मीटरवर, सुमारे ६०० मीटर उंचीवर बॉम्ब फुटला, दणका जवळजवळ डोक्यावरूनच आला म्हणून काही भिंती उभ्या राहिल्या. मी आ वासून बघतेय आणि मागून निवांत ट्राम गेली. बॉम्ब पडल्यावर तिसऱ्याच दिवशी थोड्याशा मार्गावर का होईना, ट्राम परत सुरू केली होती या लोकांनी!

म्युझियममध्ये एक गंजलेली तीनचाकी सायकल आहे, तिच्यापुढून मला हलताच येईना. चार वर्षांचाही न झालेला पोरगा त्या सकाळी ती चालवत होता. एवढ्याशा लेकराला घरापासून लांब एकटं कसं पुरायचं म्हणून वडिलांनी त्याला अंगणातच पुरलं, सायकलसकट, आणि ४० वर्षांनी, १९८५ मध्ये, ती उकरून म्युझियमला दिली. ती ४० वर्षं ते माणूस रोज त्याच अंगणातून ये-जा करत असेल का, हेच डोक्यात घोळत राहिलं.

बाहेर स्मारकाच्या कमानीखाली दगडावर कोरलंय, शांत झोपा, चूक पुन्हा होणार नाही. जपानीत या वाक्याला कर्ताच नाही. चूक कोणाची? युद्धानंतर जपानी नेत्यांवर टोकियोत चाललेल्या खटल्यातले आपले भारतीय न्यायमूर्ती राधाबिनोद पाल १९५२ साली इथे आले होते, तेव्हा ते यावरच चिडले, बॉम्ब टाकला कोणी आणि माफी मागतंय कोण असा त्यांचा मुद्दा. नंतर खुलासा आला की या वाक्यातला न लिहिलेला कर्ता 'आम्ही', आणि 'आम्ही' म्हणजे सगळी माणसं. मला दोन्ही पटतं, काय करू! आपणही हेच करतो की, मी कप फोडला असं कोण म्हणतं, कप फुटला म्हणतो, तसंच युद्ध पेटलं, बॉम्ब पडला, माणसं गेली.

आणि मी कोणत्या तोंडाने बोलतेय, ९८ ला पोखरणची बातमी आली तेव्हा शाळेत असताना मीसुद्धा टाळ्या पिटल्या होत्या. दिवस बुद्धपौर्णिमेचा होता, आणि ७४ च्या चाचणीचं तर सांकेतिक नावच 'स्मायलिंग बुद्धा', म्हणजे हसरा बुद्ध. हे तेव्हा कोणाला खटकलं असेल तर आमच्या वर्गात तरी नाही.

मग जागतिक शांतता वगैरे शक्य आहे का? सगळं जग गुण्यागोविंदाने नांदेल यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण १९८६ च्या सुमाराला जगात ७० हजारांच्या आसपास अण्वस्त्रं होती, आता साधारण १२ हजार आहेत, आणि ती कमी केली ती काही देवमाणसांनी नाही, एकमेकांवर अजिबात भरवसा नसलेल्या लोकांनी, मोजून, तपासून, सह्या करून. शांतता म्हणजे एवढंच कंटाळवाणं काम असेल तर जमेलही बुवा. अर्थात १२ हजार म्हणजे तरी काय थोडे झाले.

कमानीतून सरळ पलीकडे बघितलं की १९६४ ला पेटवलेली ज्योत दिसते. जगातलं शेवटचं अण्वस्त्र संपेपर्यंत ती तेवत ठेवायची असं ठरलंय. आजी आम्हाला दिवा विझला म्हणू द्यायची नाही, शांत झाला म्हण म्हणायची, ते तिथे उभं असताना एकदम आठवलं. पाऊस भुरभुरत होता, मी चांगली पंधरा मिनिटं छत्री धरून उभी होते. ज्योत शांत व्हायचं काही चिन्ह नव्हतं.