नागपूरचे पाहुणे, दोन दिवस आणि मुंबईतलं खाणं

गेल्या महिन्यात आत्या, आतेभाऊ, वहिनी आणि त्यांचा कॉलेजातला पोरगा नागपूरहून आले. शुक्रवारी मी ऑफिसात, त्यामुळे संध्याकाळी पोराने रील्स बघून सगळ्यांना कुलाब्यातल्या एका फेमस ठिकाणी नेलं. नाव नाही घेत. सव्वा तास रांग, मग गार नान, आणि बिल बघून आत्या जी गप्प झाली ती घरी येईपर्यंत बोललीच नाही. रात्री भाऊ म्हणाला, "काऊन रे, तुम्ही मुंबईत असंच खाता का?" हे निमूट ऐकून घेणाऱ्याने दादरला राहूच नये. म्हटलं उद्या-परवा मी सांगेन तिथे यायचं, मोबाईल खिशात.

तुम्ही पण बाहेरून येणार असाल तर एवढं करा, आधी वार बघा, मग वेळ, मग लोकलची लाईन, आणि सगळ्यात शेवटी हॉटेल. लोक नेमकं उलटं करतात आणि बंद शटरसमोर फोटो काढून परत जातात.

शनिवारी माटुंगा, कारण रविवारी सेंट्रलला मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी लोकल बंद) असला की माटुंग्याचे हाल होतात आणि सोमवारी कॅफे मद्रास बंद. शिवाय फोर्टातलं इराणी हॉटेल ब्रिटानिया रविवारी बंद. पोरगा म्हणाला मी मित्राकडून थेट येतो, आणि उतरला माटुंगा रोडला. माटुंगा सेंट्रलवर, माटुंगा रोड वेस्टर्नवर, दोन वेगळी स्टेशनं आहेत बाबांनो. मधला झेड ब्रिज चढून घामाघूम होऊन आला. सेंट्रलने याल तर स्लो लोकलच पकडा, फास्ट माटुंग्याला थांबत नाही.

स्टेशनच्या ईस्टला बाहेर पडलं की भांडारकर रोडवर राम आश्रय, १९३९ पासूनचं. साडेसातला पोचलो तरी बाहेर वीसेक माणसं होती, पण इथली रांग भराभर सरकते कारण कोणी खाऊन झाल्यावर बसून राहत नाही, तुम्ही पण राहू नका, मागे उभा असलेला माणूस तुमच्या कॉफीकडे बघत असतो. अननसाचा शिरा घ्याच. आणि चौघांत चार डोसे मागवायची घाई नको, दोन प्लेट घेऊन वाटून खा, कारण पुढे किंग्ज सर्कलला कॅफे मद्रासमध्ये (१९४० चं) रसम वडा खायचाय. तिथे बाहेर नाव लिहून घेतात, नाव दिलं की लांब जायचं नाही. फिल्टर कॉफी आली तेव्हा आत्याने पेला उचलून त्याखालच्या वाटीतली कॉफी बशीतून पितात तशी प्यायली, शेजारचे अय्यर आजोबा हसले, आणि मग त्यांनीच पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतून फेस कसा आणायचा ते करून दाखवलं. आत्या शुक्रवारच्या बिलानंतर पहिल्यांदा हसली.

दुपारी लोकलने सीएसएमटी आणि तिथून चालत बॅलार्ड इस्टेट, पंधरा-वीस मिनिटं लागतात, ऊन असेल तर टॅक्सी करा. ब्रिटानिया १९२३ ची, मुळात दुपारच्या जेवणाची जागा, बारा-सव्वाबाराला पोचलात तर बरं, एकनंतर ऑफिसवाले येतात. इथे माझं एक चुकलं. आत्या शनिवार पाळते हे मी साफ विसरलो होतो! पण बेरी पुलाव व्हेज पण मिळतो. वरची ती लालसर आंबट बेरी इराणची. आत्या प्रत्येक बेरी बाजूला काढून आधी बघायची, मग खायची, आणि शेवटी म्हणाली, "हे आपल्या करवंदाचंच कुणीतरी लागते." पोराने मटण पुलाव संपवून सावजीशी तुलना सुरू केली. त्याला म्हटलं बाबा, तिखट नसलेलं पण जेवण असतं.

चार वाजता धोबीतलावला, मेट्रो सिनेमाजवळ कयानी, १९०४ पासूनचं इराणी हॉटेल. पोट भरलेलं होतं तरी गेलोच, बन मस्का चहात बुडवायला पोटात जागा लागत नाही. मावा केक पॅक करून घ्या. इराण्याकडे वेटर हसत नाही म्हणून रागावू नका, तो रागावलेला नसतो. जुन्या जागांमध्ये थोडी कॅश जवळ ठेवा.

रविवार म्हणजे आमचं दादर. आधी एक सूचना, दादर स्टेशनचे प्लॅटफॉर्म नंबर डिसेंबर २०२३ मध्ये बदलले, आता वेस्टर्नचे १ ते ७ आणि सेंट्रलचे ८ ते १४, जुन्या आठवणीवर कुणाला "एक नंबरवर भेट" सांगू नका. सकाळी नऊच्या आत शिवाजी पार्कजवळ प्रकाशला पोचायचं. साबुदाणा वडा आणि पियूष. पियूष म्हणजे श्रीखंड पातळ केल्यासारखं, ते हळूहळू प्यायचं असतं, भावाने ताकासारखं गटकन संपवलं आणि दुसरं मागवलं.

तिथून चालत आस्वाद. मिसळ आली, पोरगा वाटीत बघून म्हणतो, "तर्री कुठाय?" आता यावर काय बोलणार. दादरची मिसळ नागपूरकराला, कोल्हापूरकराला गोडच लागणार, तिखटाच्या आशेने येऊच नका. त्यापेक्षा थालीपीठ, कोथिंबीर वडी घ्या. वहिनीने थालीपीठावर लोणी वितळायच्या आत फोटो काढला, बाकी कोणी थांबलं नाही.

दुपारी मासे. सिंधुदुर्ग किंवा चैतन्य, दोन्ही दादरलाच. रविवारी गर्दी मरणाची, साडेबाराच्या आत जा नाहीतर मग थेट अडीच-तीनला. बोंबील फ्राय आल्या आल्या खायचा, गप्पा मारत बसलात की आतलं पाणी सुटून वरचं रव्याचं कवच मऊ पडतं आणि मग तुम्ही म्हणणार मुंबईचा बोंबील काही खास नाही. सोलकढी शेवटी भातावर किंवा नुसती, सुरुवातीलाच पिऊन बसू नका. आणि जून-जुलैत येत असाल तर जरा विचारून ऑर्डर करा, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. आत्याने रविवार असल्याने शनिवारची सगळी कसर भरून काढली, तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा ढीग तिच्याच ताटाशेजारी होता.

संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस. त्याआधी कीर्ती कॉलेजच्या गल्लीतला अशोक वडापाव पार्सल घेतला. लोक इथे घोळ घालतात, १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर वडापाव सुरू केला असं ज्यांचं नाव घेतात ते अशोक वैद्य, ही वडापावची गाडी वेगळी. इथली खरी मजा चुरा. वडे तळताना बेसनाचे जे थेंब कढईत पडतात ते झाऱ्याने गोळा करून पावात वड्याबरोबर भरतात, मागावा लागतो, "चुरा जास्त" म्हणायला लाजू नका. पार्सलमध्ये चुरा वेगळ्या पुडीत घ्या, नाहीतर मऊ पडतो.

मी आठ वडापाव दिले होते, चार रात्रीला, चार सकाळी नाश्त्याला असा हिशोब सांगून. गाडी कल्याणला पोचली तेव्हा भावाचा फोन आला. वडे संपले होते. चुऱ्याची पुडी तर आत्याने ठाण्याच्या आधीच फोडली होती.