पॅसिव्ह प्रीअ‍ॅम्प निवडला तो मोजमापावरून: माझा अनुभव

पॅसिव्ह प्रीअ‍ॅम्प म्हणजे स्रोत आणि पॉवर अ‍ॅम्प यांच्या मधला डबा: सिलेक्टर स्विच, व्हॉल्यूम आणि सॉकेट, एवढंच. सिग्नल वाढवणारं आत काहीच नसतं. म्हणून पहिला प्रश्न: वाढवण्याची गरज आहे का? माझा डॅक (डिजिटल संगीताचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारं उपकरण) २ व्होल्ट देतो आणि स्पीकर चालवणाऱ्या पॉवर अ‍ॅम्पला पूर्ण ताकदीसाठी १.२ व्होल्ट पुरतात. इथे अ‍ॅक्टिव्ह प्रीअ‍ॅम्प लावणं म्हणजे व्हॉल्यूमवर सिग्नल उतरवायचा आणि लगेच दहा-बारा डेसिबल चढवायचा. व्हॉल्यूम कितीही कमी केला तरी त्या टप्प्याची सळसळ कायम राहते. रेकॉर्ड प्लेअरचं गणित मात्र वेगळं. ५ मिलीव्होल्टचं कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) आणि त्याचा सिग्नल ४० डेसिबल वाढवणारा फोनो टप्पा मिळून ०.५ व्होल्टच होतात, म्हणजे याच अ‍ॅम्पला साडेसात डेसिबल कमी. रेकॉर्डच मुख्य ऐकणं असेल तर पॅसिव्हचा विचार इथेच थांबवावा.

पुढचे आकडे मी माहितीपत्रकावरून न घेता मोजले. डॅकवर १०० हर्ट्झचा टेस्ट टोन लावला (साधे मल्टिमीटर १ किलोहर्ट्झवर चुकीचं दाखवू शकतात). मोकळ्या सॉकेटवर २.०० व्होल्ट आले. सिग्नल आणि ग्राउंड यांच्यात १ किलोओहमचा रेझिस्टर आडवा लावल्यावर १.६७. २.०० भागिले १.६७, वजा १, गुणिले १००० केलं की सुमारे २०० ओहम येतात. हा डॅकचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा आतला विरोध. व्हॉल्व्हच्या उपकरणावर १ किलोओहमचा भार टाकू नये, तिथे १० किलोओहम वापरावा. पॉवर अ‍ॅम्पसाठी स्पीकर काढून ठेवले आणि सिग्नलच्या वाटेत ४७ किलोओहमचा रेझिस्टर लावला. अ‍ॅम्पच्या इनपुटवर व्होल्टेज निम्मं झालं, म्हणजे त्याचा इनपुट इम्पीडन्सही ४७ किलोओहम.

तिसरा आकडा केबलचा, आणि निकाल खरा इथेच लागतो. माझ्या ५ मीटरच्या केबलचा कपॅसिटन्स ५०० पिकोफॅरॅड निघाला. पॉटचा (व्हॉल्यूमच्या फिरत्या रेझिस्टरचा) आउटपुट इम्पीडन्स सर्वांत जास्त असतो तो उणे ६ डेसिबलवर, म्हणजे सिग्नल निम्मा होतो तिथे, आणि तेव्हा तो पॉटच्या एकूण ओहमच्या जवळपास पाव असतो. १०० किलोओहमचा पॉट घेतला तर २५ किलोओहम. त्यावर ५०० पिकोफॅरॅड म्हणजे १२.७ किलोहर्ट्झलाच ३ डेसिबलची घट. ५० किलोओहमला ही हद्द २५ किलोहर्ट्झवर जाते, तरी २० किलोहर्ट्झला २ डेसिबल गेलेलेच. १० किलोओहमला ती १२७ किलोहर्ट्झवर पोचते आणि प्रश्नच मिटतो. ‘पॅसिव्हमध्ये ट्रेबल दबतो’ ही तक्रार बहुतेक वेळा मोठा पॉट आणि लांब केबल या जोडीची असते.

मात्र तुमच्या व्हॉल्यूमची खुंटी रोज कुठे असते, हेही पाहायला हवं. १० किलोओहमच्या पॉटवर उणे २० डेसिबलला आउटपुट इम्पीडन्स ९०० ओहम, आणि उणे ४० ला जेमतेम १००. म्हणजे हळू ऐकणाऱ्याला पॅसिव्ह जास्त मानवतो.

पॉटच्या आधीची केबल २०० ओहमचा डॅक हाकतो, नंतरची पॉट हाकतो. म्हणून लांब केबल टाळता येत नसेल तर डबा पॉवर अ‍ॅम्पशेजारी ठेवावा आणि लांबी डॅककडच्या बाजूला घ्यावी. मी तेच केलं. अ‍ॅम्पकडे आता १ मीटरच आहे.

१० किलोओहम सगळ्यांना चालत नाही. स्रोताच्या आउटपुटवर १ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर असेल तर १० किलोओहमच्या भारावर १६ हर्ट्झला ३ डेसिबल जातात आणि खालचा बेस पातळ होतो. तिथे ५० किलोओहमचा पॉट आणि त्यानंतर बफर (सिग्नल न वाढवता पुढची केबल हाकणारा टप्पा) हाच उपाय; अ‍ॅम्प-रचनाकार नेल्सन पास यांचा २००८ चा बी-वन बफर याच धर्तीचा आहे. उलट अ‍ॅम्प १० किलोओहमचा असेल तर १०० किलोओहमच्या पॉटवर उणे ६ ची जागा उणे १७ होते आणि सगळा आवाज खुंटीच्या शेवटच्या टोकाला गोळा होतो.

साध्या कार्बन पॉटवर अगदी हळू आवाजात डावा-उजवा तोल ढळतो, गायक मधून सरकतो. म्हणून मी २४ टप्प्यांचा स्विच घेतला. १ टक्का अचूकतेच्या रेझिस्टरांनी दोन बाजूंतला फरक वाईटात वाईट ०.३५ डेसिबल येतो. त्याची खोड अशी की २ डेसिबलच्या २३ पायऱ्या ४६ डेसिबलवर संपतात, आणि मी ऐकतो ते नेमकं उणे ४० च्या आसपास. अ‍ॅम्पच्या इनपुटवर कायमचा १० डेसिबलचा पॅड (सिग्नल ठरावीक उतरवणारे रेझिस्टर) बसवल्यावर खुंटी मधल्या पायऱ्यांवर आली. रेझिस्टरांऐवजी ट्रान्सफॉर्मरचा व्हॉल्यूमही सुंदर काम करतो, पण स्रोतातून डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) आला की त्याचा गाभा संतृप्त होतो आणि शेजारच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरची घूं तो लगेच उचलतो.

जोडणीत दोन जागी चूक होते. व्हॉल्यूमचा स्विच पुढचा संपर्क धरून मगच मागचा सोडणारा हवा, नाहीतर दर पायरीला टक् ऐकू येतं. सिलेक्टर नेमका उलटा: आधी सोडणारा, मग धरणारा, म्हणजे दोन स्रोतांचे आउटपुट एकमेकांना भिडत नाहीत. पॉट असेल तर खुंटी पूर्ण डावीकडे फिरवून मल्टिमीटर लावावा. मधल्या पायाशी शून्य ओहम दाखवणारा पाय ग्राउंडचा. हा सांधा कच्चा राहिला तर आवाज एकदम पूर्ण होतो, म्हणून तो ओढून तपासावा. मधल्या पायापासून ग्राउंडला १ मेगाओहमचा रेझिस्टर लावून ठेवला की संपर्क सुटला तरी अ‍ॅम्पचं इनपुट अधांतरी राहत नाही. डबा धातूचा हवा, सॉकेट त्यापासून अलग, आणि डब्याला ग्राउंड एकाच ठिकाणी.

डॅकच्या आउटपुटवर डीसी किती आहे तेही मोजून घ्यावं, कारण इथे तो अडवणारं काही नाही. सुरुवातीचा धक्का अडवणारा रिलेही नसतो. म्हणून आधी डॅक, मग पॉवर अ‍ॅम्प. बंद करताना आधी पॉवर अ‍ॅम्प, आणि अर्धा-एक मिनिट थांबून डॅक.