वासरकुपेवरचा रविवार: जर्मनीत ग्लायडरमध्ये बसायचं असेल तर

पहिल्यांदा गेलो तेव्हा ग्लायडिंगच्या मैदानावर एक मेंढपाळ आणि त्याची मेंढरं होती. ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, एकही नव्हतं. हँगरला कुलूप, विंचवर (दोराने ग्लायडर ओढून वर चढवणाऱ्या यंत्रावर) ताडपत्री. वार बुधवार. भाची म्हणाली, "मामा, तू विचारलं होतंस ना?" मी नकाशावर विमानाचं चिन्ह बघितलं होतं आणि त्याखाली 'क्लब' असं वाचलं होतं. विचारलं कोणालाच नव्हतं. डार्मश्टाटहून दोन गाड्या बदलून आलो होतो. मेंढरं बघितली, दशम्या खाल्ल्या आणि परतलो.

त्या दिवशी कळलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो. युरोपातल्या बहुतेक ग्लायडिंग क्लबांत पगारी माणसं नसतात. विंच चालवणारा आठवडाभर कुठेतरी नोकरी करतो, शिकवणारा शाळेत मास्तर असतो. मैदान जागं होतं ते शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी, तेही साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. तुमच्या सहलीत एकच रविवार असेल आणि तो पॅरिसमध्ये जाणार असेल, तर हा बेत सोडा.

माझं हे वेड हडपसरचं. ग्लायडिंग सेंटरवरून वर चढणारी पांढरी ग्लायडरं लहानपणी सायकलवरून बघायचो. वर गेलं की दोर सुटायचा आणि पुढे आवाजच नाही. तेव्हा बसायला मिळालं नाही. भाची डार्मश्टाटला शिकायला गेली, तिला भेटायला जायचं ठरलं आणि मनात पहिला विचार वासरकुपे या डोंगराचा आला. कारण १९११ साली डार्मश्टाटचीच शाळकरी आणि कॉलेजची पोरं आपली घरी बनवलेली ग्लायडरं घेऊन याच डोंगरावर गेली होती. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्या हान्स गुटरमुटने ८३८ मीटरचं उड्डाण केलं. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनांच्या इंजिनाच्या विमानांवर बंधनं आली, म्हणून उडण्याची हौस असलेल्यांनी बिनइंजिनाच्या विमानांकडे मोर्चा वळवला. १९२० साली ओस्कार उर्सिनुस या संपादकाच्या पुढाकाराने इथे पहिली स्पर्धा झाली. दोनच वर्षांनी मार्टेन्स नावाचा गडी तासाहून जास्त वेळ हवेत राहिला आणि त्याच आठवड्यात हेंट्सेनने तीन तासांची मजल मारली. १९२६ मध्ये माक्स केगेल वादळाच्या ढगात ओढला गेला आणि जिवंत खाली उतरला तो ५५ किलोमीटर लांब!

तर जायचं कसं. फ्रँकफुर्टहून फुल्डाला जलद गाडीने तासाभरात पोचता येतं. फुल्डाहून गेर्सफेल्डला छोटी रेल्वे जाते आणि तिथून डोंगरावर बस. वासरकुपे ९५० मीटर उंच, हेसे राज्यातला सर्वांत उंच डोंगर. आपल्या सिंहगडापेक्षा उंची कमी, पण माथा मोकळा, गवताळ आणि वाऱ्याचा. बस थोड्याच असतात. वर जायच्या आधी परतीच्या शेवटच्या बसची वेळ बघून ठेवा. मीही बघितली होती, पण त्याचं पुढे सांगतो.

आम्ही गेर्सफेल्डला दोन रात्री राहिलो. हा शहाणपणा बुधवारच्या फजितीतून आला. शनिवारी सकाळी खिडकी उघडली तर डोंगरच गायब. ढग माथ्यावर बसला होता आणि दिवसभर उठला नाही. त्या दिवशी वरचं ग्लायडरचं संग्रहालय बघितलं. छताला टांगलेली लाकडी ग्लायडरं जवळून बघताना त्यांचं कापड आणि खिळे दिसतात, आणि असल्या सांगाड्यात बसून माणसं कड्यावरून उडाली हे पटत नाही. हवा खराब असली तरी हा दिवस फुकट जात नाही. ग्लायडरसाठी निदान दोन दिवस हाताशी ठेवा, आणि परतीचं विमान दुसऱ्याच दिवशी असू नये.

चौकशी भाचीने फोनवर केली. इमेलला उत्तर यायला आठवडा लागतो, कारण तो वाचणाराही रविवारीच क्लबात येतो. जर्मन येत नसेल तर तीन शब्द पाठ करा. 'गास्टफ्लुग' म्हणजे पाहुण्याला घेऊन केलेलं उड्डाण. 'श्नुपरफ्लुग' म्हणजे शिकायला येणार का ते अजमावण्यासाठीचं. आणि 'फ्लुगबेट्रीब' म्हणजे आज मैदान चालू आहे. "रविवारी फ्लुगबेट्रीब आहे का, गास्टफ्लुग मिळेल का," एवढं विचारलं की काम होतं. वजन मात्र खरं सांगा, बूट-कपड्यांसकट. आम्हाला मिळालेलं ग्लायडर होतं आ-एस-का २१, दोन बसायच्या जागा, सतरा मीटरचे पंख. ते या डोंगराच्या पायथ्याशी पोपनहाउझनलाच श्लायशरच्या कारखान्यात बनतं. त्याच्या पुढच्या सीटवर किमान ७० आणि कमाल ११० किलो चालतात. माझे ८४ सहज बसले. भाची ५२ किलोची, तिच्यासाठी शिशाच्या पट्ट्या आणून बसवल्या. "मामा, मामीला सांग, मला शिसं घालून जड केलं," असं ती आजही सांगते.

पैशाचं म्हणाल तर क्लबात विंचवरचं छोटं उड्डाण साधारण तीस ते साठ युरोंत होतं. इंजिनाच्या विमानाने ओढून नेलं तर बरंच जास्त, पण उंचीही जास्त मिळते. रोख पैसे बरोबर ठेवा. आपल्याकडून काढलेल्या परदेश प्रवासविम्यात साहसी खेळ बहुतेक वेळा वगळलेले असतात, तेव्हा कंपनीला लेखी विचारून घ्या. तिथल्या पायलटबरोबर बसायला तुम्हाला परवाना लागत नाही. एकट्याने उडायचं असेल तर तिथला परवाना किंवा आपल्या परवान्याची मान्यता लागते. सहलीच्या दोन आठवड्यांत ते जमवण्याच्या भानगडीत पडू नका, शिक्षकाबरोबर उडा.

रविवारी नऊला पोचलो. माझं उड्डाण झालं दुपारी दीडला. मधल्या वेळात काय? कामं. कोणी हाताला धरून सांगत नाही, पण उभे राहिलात की कोणीतरी हाक मारतं. उतरलेलं ग्लायडर ढकलत परत आणायचं असतं. कुठे हात लावायचा ते आधी विचारा, वरच्या पारदर्शक झाकणाला तर अजिबात नाही. पंखाचं टोक धरून काही पावलं पळायचं काम मला तिसऱ्या खेपेला मिळालं. पंख हातातून अलगद सुटतो आणि आपण धापा टाकत मागे राहतो. ते काम मला उड्डाणाइतकंच आवडलं, हे मामीला पटत नाही. दोराच्या रेषेच्या पलीकडे मात्र विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. तो लोखंडी वायरसारखा दोर गवतात दिसतही नाही.

पाठीवर पॅराशूट चढवून बसलो. टोपी मऊ, बिनकडांची हवी, मोठ्या कडेने मागच्या पायलटला समोरचं दिसत नाही. गॉगल हवाच. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. उलटीची पिशवी कुठे आहे ते आधीच विचारून घ्या, लाजू नका.

पुढे झाकणावर एक लाल लोकरीचा धागा चिकटवलेला असतो, बोटभर लांब. लाखोंच्या विमानावर हे काय, असं वाटलं. पण तो धागा सरळ मागे उडत असला की ग्लायडर नीट चाललंय, तिरका झाला की घसरतंय. मी सगळा वेळ त्या धाग्याकडेच बघत होतो.

विंचने दोर ताणला, एक हिसका बसला आणि काही सेकंदांत आम्ही जमिनीवरून सुटलो. समोर फक्त आभाळ, पाठ सीटमध्ये रुतलेली, पोट मात्र अजून गवतावरच. जेमतेम अर्धं मिनिट. मग नाक खाली आलं, खट्कन आवाज झाला, दोर गेला. त्यानंतरची शांतता पूर्ण नसते, वारा सतत सूं करतो, पण माणसाशी साध्या आवाजात बोलता येतं.

हे ग्लायडर चांगल्या हवेत एक किलोमीटर उंचीवरून चौतीस किलोमीटर जातं. आम्हाला कुठे जायचं नव्हतं, वर चढायचं होतं. पायलट म्हणाला, पक्षी बघ. उतारावर दोन घारी गोल फिरत होत्या, शेपूट दुभंगलेलं, अंग तांबूस. इथल्या रोन डोंगररांगेत या तांबड्या घारी पुष्कळ आहेत. तो त्यांच्याखाली गेला, वळला, आणि आपण किती वेगाने चढतोय-उतरतोय ते दाखवणारं यंत्र पीं-पीं करू लागलं. ऊन लागलेल्या शेतावरून उठलेली गरम हवा आम्हाला उचलत होती. घार माझ्या खिडकीच्या पातळीवर होती, मान वाकडी करून खाली बघत होती, आमच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. पंचवीस मिनिटं वर होतो. तिसऱ्या वळणानंतर घाम फुटला, पण पिशवी लागली नाही.

आल्प्सवरून उडायचं असेल तर स्वित्झर्लंडच्या एंगाडीन खोऱ्यातलं सामेडान आणि ऑस्ट्रियातलं त्सेल आम झे ही नावं ऐकण्यात येतील. दृश्य तिथे अफाट, खर्चही तसाच. इंग्लंडच्या लाशमला ग्लायडिंगसाठी जाणार असाल तर शेंगेनचा व्हिसा तिथे चालत नाही, हे लक्षात असू द्या.

संध्याकाळी पंखांच्या पुढच्या कडेवर चिकटलेले किडे ओल्या फडक्याने पुसायचे असतात. भाचीने एक पंख घेतला, मी दुसरा. सतरा मीटर पुसता पुसता शेवटची बस गेली. विंचवाल्या काकांनी हात पुसले, गाडीच्या मागच्या सीटवरची दोराची भेंडोळी बाजूला सारली आणि आम्हाला गेर्सफेल्डला सोडलं. वाटेत त्यांनी एकच प्रश्न विचारला, तुमच्याकडे घारी आहेत का?