एलियान रादीगचे सोलो अल्बम क्रमाने ऐकताना: 'आद्नोस' ते 'कूमे'

मंडळी, एलियान रादीग या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक संगीतकार. त्यांच्या अल्बमांतला फीडबॅकचा काळ संपवून मी सिंथेसायझरच्या काळात शिरले आणि आता 'कूमे'पाशी येऊन पोचले आहे. सुरुवातीच्या कामांबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण सांगण्यासारखं खूप काही पुढे आहे.

नव्याने येणाऱ्यांसाठी एवढंच. रादीगबाईंचा जन्म १९३२चा, पॅरिसचा. लग्नानंतर नीसला विमानतळाजवळ राहत असताना रेडिओवर पिएर शेफर यांचं रेल्वेच्या आवाजांपासून रचलेलं काम त्यांच्या कानावर पडलं. पुढे पॅरिसला जाऊन त्या शेफर यांच्या हाताखाली शिकल्या. १९६७-६८च्या सुमारास त्या संगीतकार पिएर आंरी यांच्या स्टुडिओत साहाय्यक होत्या, म्हणजे टेप कापायची, जोडायची, पुन्हा कापायची. स्वतःची कामं त्यांनी केली ती फीडबॅकवर. माइक स्पीकरसमोर धरायचा, आणि आवाज कर्कश शिट्टीत जाण्याच्या जरा अलीकडे तो रोखून धरायचा. १९७०च्या 'व्हिस-वेर्सा, एत्सेत्रा'च्या टेपच्या फक्त दहा प्रती निघाल्या होत्या आणि ती टेप कुठल्याही वेगाने, सुलट किंवा उलट वाजवायची मुभा होती. मी ती संगणकावर अर्ध्या वेगाने लावली. सगळं एक सप्तक खाली येतं आणि मूळ वेगात दाट वाटणारी थरथर एकेक करून मोजता येते. ज्यांनी फक्त मूळ वेगात ऐकलंय त्यांनी हे जरूर करून पाहावं.

आता मुख्य विषय, एआरपी २५०० हा सिंथेसायझर. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टुडिओत बुक्ला या दुसऱ्या सिंथेसायझरवर काम करून 'क्री-प्तुस' झालं (१९७१), आणि त्यानंतर बाईंनी हा एआरपी घेतला. पॅरिसला नेताना त्याचा कीबोर्ड मात्र मुद्दाम मागे ठेवला. वायरींच्या जंजाळाऐवजी या यंत्रावर सरकत्या बटणांचा तक्ता असतो, त्यावर कुठला आवाज कुठे जोडायचा ते ठरतं. बोट टेकवलं की सूर, अशी सोयच नको होती. पट्टी नाही, कीबोर्ड नाही, उरतात फक्त नॉब, आणि तेही केसभर फिरवायचे. पुढची जवळजवळ तीस वर्षं त्यांनी या एकाच यंत्रावर काढली.

केसभर म्हणजे नेमकं किती, हे समजून घ्यायला मी व्हीसीव्ही रॅकमध्ये (संगणकावरचा सिंथेसायझर) जोडणी करत बसले. २२० हर्ट्झचा एक साधा सूर आणि २२०.५चा दुसरा. दोन सेकंदांना एकदा आवाज फुगतो आणि ओसरतो. हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. पण तिसरा सूर आला की गंमत सुरू होते. २२०, २२०.३ आणि २२०.७ असे तीन सूर लावा. त्यांच्यातले फरक होतात ०.३, ०.४ आणि ०.७, म्हणजे तीन वेगवेगळे झोके एकमेकांत गुंततात आणि सगळी नक्षी पुन्हा पहिल्यासारखी व्हायला दहा सेकंद लागतात. त्यात एक नॉब दशांशाच्याही दशांशाने हलवला तर ती दहा सेकंदांची नक्षी कितीतरी लांबते. तीन सूर, एकही ठेका नाही, तरी आत लय आहे. रादीगबाईंची लय बहुतेक ठिकाणी अशीच जन्मते.

दुसरा प्रयोग फिल्टरचा, आणि हा मी सगळ्यांना करायला सांगते. ११० हर्ट्झचा करवती लहरीचा सूर घ्या, त्यावर लो-पास फिल्टर (ठरलेल्या मर्यादेच्या, म्हणजे कटऑफच्या, वरचे सूर दाबणारा), रेझोनन्स (कटऑफजवळचे सूर उठावदार करणारा नॉब) बराच वर. आता कटऑफ अगदी सावकाश वर न्या. सूर तोच राहतो, पण त्याच्या पोटातले उपस्वर एकेक करून उजळत जातात. २२०ला सा, ३३०ला पंचम, ४४०ला पुन्हा सा, आणि ५५०ला आलात की गंधार. हाच तो तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार, कोणी न छेडता ऐकू येणारा. फरक इतकाच की तानपुऱ्यात तो जवारी नीट लागली की आपोआप येतो, आणि इथे बाई तो दहा-दहा मिनिटं घेऊन बाहेर काढतात, थोडा वेळ ठेवतात आणि मग दुसऱ्याच कुठल्या सुराच्या आड जाऊ देतात. हे एकदा हाताने करून पाहिलं की त्यांच्या अल्बममध्ये 'काहीच होत नाही' असं वाटणं बंद होतं. सॉफ्टवेअरमधले सूर फार स्थिर असतात, त्यामुळे प्रत्येक ऑसिलेटरला (सूर निर्माण करणाऱ्या भागाला) अगदी मंद, अनियमित व्होल्टेज थोडंसं पाजलं तर जिवंतपणा येतो.

हे झाल्यावर 'आद्नोस' पुन्हा लावलं आणि कान वेगळेच झाले होते. तीन भाग आहेत, १९७४, १९७९ आणि १९८०चे, प्रत्येक तासाभराहून लांब. नदीच्या पात्रातले दगड हलवले तर पाण्याचा मार्ग बदलत नाही, वाहण्याची तऱ्हा बदलते, अशा अर्थाचं त्यांनी स्वतःच 'आद्नोस'बद्दल लिहिलं आहे. पहिला भाग ऐकताना मी फक्त सांध्यांवर लक्ष ठेवलं. एक आवाज जातो आणि दुसरा येतो ती जागा. सापडतच नाही. दुसरा आवाज आलेला असतो हे कळतं, कधी आला ते कळत नाही. मी मागे जाऊन ऐकते, तर तो त्याआधीच आलेला असतो, अगदी दबक्या पावलांनी. हे सगळं टेपवर झालेलं आहे, हे विसरू नका. वेगवेगळ्या टेपांवर आवाज आधी भरून ठेवायचे आणि शेवटचं मिक्सिंग सलग, एका दमात. शेवटाकडे काही बिघडलं तर पुन्हा पहिल्या मिनिटापासून. 'आद्नोस'चं खरं वादन मला या सांध्यांतच ऐकू येतं. सूर आधीच ठरलेले आहेत. मिक्सरची एक पट्टी किती मिनिटांत खाली आणायची आणि दुसरी कधी उचलायची, यात त्यांचा हात दिसतो.

पहिल्या आणि दुसऱ्या भागामध्ये पाच वर्षं का गेली, तेही सांगायला हवं. कॅलिफोर्नियातल्या मिल्स कॉलेजात 'आद्नोस'चा पहिला भाग वाजला, तेव्हा तिथले काही फ्रेंच विद्यार्थी भेटायला आले आणि हे संगीत तुम्ही करत नाही, असं बाईंना म्हणाले. त्यातून बाई तिबेटी बौद्ध साधनेकडे वळल्या, पावो रिनपोछे त्यांचे गुरू झाले आणि काही वर्षं संगीत पूर्ण थांबलं. परत कामाला लागा, असं गुरूंनीच सांगितलं. दुसऱ्या भागात मला ही विश्रांती ऐकू येते. पहिला भाग अजून काहीतरी शोधत असतो, दुसऱ्याला कसलीही निकड नाही.

ऐकण्याच्या जागेबद्दल. लॅपटॉपच्या किंवा फोनच्या स्पीकरवर हे ऐकू नका, कळकळीने सांगते. खर्जाचा अख्खा मजला गायब होतो. हेडफोन चालतील, पण ते दुय्यम. १०० हर्ट्झच्या सुराची लहर साधारण ३.४ मीटर लांब असते, म्हणजे आपल्या नेहमीच्या खोलीत ती भिंतींवर आपटून ठिकठिकाणी उभी राहते. पाऊण-एक मीटर सरकलं तरी तोच सूर कुठे छातीत भरतो, कुठे नाहीसाच होतो. मी 'आद्नोस'चा तिसरा भाग खोलीत हळूहळू फिरत ऐकला, खुर्चीत बसून नाही. हेडफोनवर हा भाग कधीच मिळणार नाही. आवाज मात्र मध्यम ठेवा. फार वाढवला तर सगळे थर एकमेकांवर बसतात.

आणि पंखा बंद. त्याचा आवाज ही त्यातली किरकोळ बाब आहे. फिरती पाती स्पीकरकडून येणारा आवाज कापत राहतात आणि त्यामुळे स्थिर सुरावरसुद्धा थरथर चढते. आपल्याला वाटतं रादीगबाईंचे झोके ऐकतोय, आणि ऐकत असतो पंख्याचे. एका ठिकाणी झोक्याचा वेग काही केल्या बदलत नव्हता तेव्हा मला शंका आली, रेग्युलेटर एक घर खाली आणल्यावर झोके लगेच मंदावले. त्यामुळे उन्हाळ्यात हे ऐकायचं तर पहाटे. तेव्हा फ्रिजचा कॉम्प्रेसरही कमी वेळा लागतो.

मिलारेपा या तिबेटी संतकवीवरच्या अल्बमांवर मी फार थांबले नाही. १९८३च्या 'सॉन्ग्ज ऑफ मिलारेपा'त लामा कुंगा रिनपोछे तिबेटीत पदं म्हणतात आणि रॉबर्ट अॅश्ले ती इंग्रजीत वाचतात. अॅश्लेंचा आवाज सुंदर आहे, पण बोलणं सुरू झालं की माझे कान शब्दांमागे जातात आणि मागचे थर सुटतात. १९८६चं 'जेत्सुन मिला' शब्दांविना आहे आणि मला तेच जास्त जवळचं वाटतं. मिलारेपाचं चरित्र माहीत असेल तर उत्तम, नसेल तरी काही अडत नाही.

आणि मग 'त्रिलोजी द ला मोर', मृत्यूची त्रयी. पावणेतीन तासांच्या आसपास. पहिला भाग 'कियेमा' (१९८८), जन्मापासून पुनर्जन्मापर्यंतच्या सहा मधल्या अवस्था, ज्यांना तिबेटी परंपरेत बार्दो म्हणतात. पुढच्याच वर्षी बाईंचा मुलगा इव्ह मोटार अपघातात गेला. दुसरा भाग 'कैलाशा' १९९१चा, कैलास पर्वताभोवतीची मनातल्या मनात केलेली प्रदक्षिणा. त्याच वर्षी पावो रिनपोछेही गेले. तिसरा 'कूमे', १९९३. ही पार्श्वभूमी माहीत असल्यावर दुःख ऐकू येईल अशी माझी अपेक्षा होती. 'कैलाशा'त रडणं कुठेच नाही. चालणं आहे. खर्जाचा एक थर सतत वळत राहतो आणि वरचे सूर त्याच्या आडून दिसतात, लपतात, दुसऱ्या बाजूने पुन्हा दिसतात. डोंगर तोच, आपण फिरतोय. आपल्याकडे कैलास म्हटलं की डोळ्यांसमोर शिखर येतं. बाईंनी शिखराकडे पाहिलंच नाही, वाट ऐकवली. या त्रयीत बहुतेक जण 'कियेमा'चं नाव आधी घेतात. माझ्या मते 'कैलाशा' त्याहून मोठं काम आहे आणि त्यावर फार कमी लिहिलं जातं.

'कूमे' दोनदा ऐकलं. पहिल्यांदा त्रयीच्या शेवटी, सलग. दुसऱ्यांदा स्वतंत्र, सकाळी. सलग ऐकताना त्याची सुरुवात फार उघडी, फार उजेडाची वाटते, कारण मागे दोन तासांचा खर्ज असतो. एकटं ऐकलं तर तो उजेड तितका जाणवत नाही. म्हणून त्रयी तोडून ऐकू नये असं माझं मत झालंय. तीन तासांची सवड नसेल तर 'जेत्सुन मिला' लावा, त्रयीला हात घालू नका.

जोडणीच्या बाजूला सध्या मी रिंग मॉड्युलेटरवर आहे. ३०० आणि २०० हर्ट्झ आत घातले की बाहेर ५०० आणि १०० येतात, मूळचे दोन्ही गायब. दोघांपैकी खालचा, २००चा, अगदी सावकाश वर नेला तर एक सूर चढतो आणि दुसरा त्याच वेळी उतरतो. 'कियेमा'त मला अशा उलटसुलट जाणाऱ्या जोड्या ऐकू येतात. एआरपीवर नेमकं काय जोडलं असेल ते हातानेच पडताळून पाहते आहे. जमलं की पॅच, म्हणजे ती जोडणी, देईन.

पुढचा मुक्काम 'लील रे-सोनान्त', २०००चं. इलेक्ट्रॉनिक कामांतलं ते शेवटच्यांपैकी, आणि २००६मध्ये आर्स इलेक्ट्रॉनिका महोत्सवाचा गोल्डन निका हा पुरस्कार त्यालाच मिळाला. नंतर चार्ल्स कर्टिसच्या चेलोसाठीचं 'नाल्जोरलाक', म्हणजे बाई यंत्र सोडून वादकांकडे वळतात ती जागा. चेलोवर त्या हेच झोके कसे काढून घेतात, त्यासाठी मी आत्तापासून उत्सुक आहे.

एक मदत हवी आहे. त्रयीची जुनी तीन सीडींची आवृत्ती आणि २०१८चा जीआरएम या फ्रेंच संगीतसंस्थेचा चौदा सीडींचा संच, दोन्ही ज्यांच्याकडे आहेत त्यांनी 'कैलाशा'चा मधला भाग एकामागोमाग एक लावून पाहावा आणि खर्ज कुठे जास्त मोकळा वाटतो ते कळवावं. स्पीकर कुठले आणि खोली केवढी, तेही लिहा.