ड्रेन प्लग तुटला म्हणून आख्खा रेडिएटर बदलू नका : माझा अनुभव

कूलंट बदलताना गॅरेजमध्ये माझ्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकच्या रेडिएटरचा ड्रेन प्लग, म्हणजे कूलंट बाहेर सोडायचं आट्यांचं बूच, तुटला. डोकं पकडीत आलं, आट्यांचा भाग रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीतच राहिला. पार्टच्या काउंटरवरच्या माणसानं चासी नंबर टाकून स्क्रीन पाहिली आणि सांगितलं, "प्लग सुटा येत नाही, रेडिएटर असेंब्ली घ्या." जाळी शाबूत, टाकीला कुठे चीर नाही, तरी काही हजारांचा रेडिएटर! बोटाच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकसाठी! दुसऱ्या काउंटरवरही हेच ऐकलं. याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

हा प्लग नायलॉनचा असतो. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन तो ठिसूळ होतो आणि टोकाची ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडं, बसल्या जागी चिकटते. डोकं फिरतं, टोक फिरत नाही, आणि मधली मान तुटते. मुळात गळती थांबते ती ओ-रिंगमुळे, आवळण्यामुळे नाही. प्लग हातानं बसवून वर जेमतेम पाव वेढा, एवढंच पुरे. पकडीनं आवळलेला प्लग पुढच्या वेळी तुटणारच.

तुकडा काढण्याआधी कूलंट रेडिएटरच्या खालच्या होजमधून (जाड रबरी पाइपमधून) काढा. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. गरम सिस्टिममध्ये साधारण 1 बार दाब असतो आणि उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं. होज चिकटली असेल तर ओढू नका, गोल फिरवून सैल करा. तिच्या आतली नळीही टाकीच्याच प्लॅस्टिकची आहे, स्क्रू ड्रायव्हरनं उचकटलीत तर तीही जाईल.

आता खरी कसोटी. आट्यात राहिलेला तुकडा बहुतेक वेळा पोकळ असतो. त्याच्या भोकापेक्षा किंचित रुंद असा जुना चपटा स्क्रू ड्रायव्हर घ्या. गाडीपासून लांब, गॅसवर त्याचं टोक तापवा, पण लाल होऊ देऊ नका. टाकीही नायलॉनचीच आहे आणि हे नायलॉन साधारण 260 अंशांना वितळतं. टोक फार तापलं तर तुकडा आणि टाकीचे आटे एकजीव होतात आणि मग खरंच रेडिएटर घ्यावा लागतो. टोक तुकड्यात सरळ दाबायचं, 5-6 मिलिमीटर, कडेला अजिबात लागू द्यायचं नाही. मग हात न हलवता पूर्ण थंड होऊ द्यायचं. घाई इथेच नडते. प्लॅस्टिक मऊ असताना फिरवलं तर पातं आत गरगर फिरतं आणि खाच मोठी होते. थंड झाल्यावर स्क्रू ड्रायव्हर घट्ट बसतो, मग डावीकडे सावकाश फिरवायचा.

माझ्याकडे तुकडा थोडा फिरला आणि अडला. अशा वेळी जोर लावायचा नाही. साबणाचं पाणी सोडायचं, जरा उजवीकडे, जरा डावीकडे, असं करत ओ-रिंगला जागा सोडायला लावायची. तुकडा बाहेर आला तेव्हा ओ-रिंग चपटी होऊन कडक झालेली होती, नखानं दाबली तरी दबेना. डिझेल किंवा तेल लावू नका, कूलंटसाठीचं ईपीडीएम रबर त्यानं फुगतं. तुटलेले स्क्रू काढायचा निमुळता लोखंडी एक्स्ट्रॅक्टर ठोकायचा सल्ला बरेच जण देतात, तो ऐकू नका. पाचर आत जाते तसा तुकडा बाहेर फुगतो आणि टाकीचं तोंड चिरतं. तुकडा पोकळ नसेल तर हॅक्सॉच्या पात्यानं खाच पाडता येते, फक्त टाकीच्या आट्यांना ओरखडा जाता कामा नये.

गाडीखाली शिरताना गॉगल घाला, हे आधीच सांगायला हवं होतं. आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका, स्टँड लावा.

प्लग कुठे मिळाला? पुण्याच्या नाना पेठेत. गाडीचं नाव सांगून नाही, तर तुटलेले दोन्ही तुकडे पुढे ठेवून. आट्यांचा बाहेरचा व्यास, दोन आट्यांमधलं अंतर आणि डोक्यापासून ओ-रिंगपर्यंतची लांबी, हे तिन्ही व्हर्नियरनं (बारीक मापं घ्यायच्या पट्टीनं) जुळवून घ्या. आटे जुळले पण लांबी कमी पडली, तर ओ-रिंग तिच्या बसायच्या जागेपर्यंत पोहोचतच नाही आणि प्लग कितीही आवळा, थेंब गळतोच. पितळी प्लग मजबूत वाटतो, पण तो प्लॅस्टिकचे आटे खातो. एपॉक्सी पुट्टी लावून भोक बुजवण्याचा विचारही नको. ओल्या, तेलकट नायलॉनवर ती धरत नाही आणि हायवेवर सुटली तर इंजिन जातं. ओ-रिंगला बसवताना सिलिकॉन ग्रीस किंवा नुसतं कूलंट लावा.

भरतानाचं गणित मात्र चुकवू नका. होजमधून सगळं कूलंट निघत नाही, इंजिनच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये बरंच राहतं. आतून पाण्यानं धुतलं असेल तर तिथे साधं पाणी उरलेलं असतं, त्यावर निम्मं पाणी मिसळलेलं तयार कूलंट ओतलं की मिश्रण पातळ होतं. म्हणून मॅन्युअलमधली एकूण क्षमता बघा, तिच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आधी ओता, मग उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरनं भरा. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, फॅन सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालवा. हीटरमधून थंड हवा येत असेल तर आत हवा अडकली आहे. पूर्ण थंड झाल्यावर लेव्हल पुन्हा भरा.

गळती रात्रभर थंड झालेल्या गाडीवर तपासा. कडक किंवा चुकीच्या मापाची ओ-रिंग गरम असताना धरते आणि पहाटे गळते. खाली कोरडा पुठ्ठा ठेवा, सकाळी डाग लगेच दिसतो.

काढलेलं कूलंट गटारात किंवा गल्लीत ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्यानंही मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वापरलेली ऑईल-कूलंट गोळा करणाऱ्या गॅरेजलाच द्या.

आणि जुनी गाडी सर्व्हिसला देताना जॉबकार्डवर लिहून घ्या : कूलंट खालच्या होजमधून काढावे, ड्रेन प्लगला हात लावू नये.