ग्रेट डेनचं पिल्लू, तिसरा मजला आणि शी-शूची सवय
बाजी आता चार महिन्यांचा झालाय, वजन तीस किलोच्या पुढे गेलंय आणि घरात शू होणं जवळपास थांबलंय, म्हणून इथपर्यंतचं लिहून ठेवतोय. ज्यांच्याकडे मोठ्या ब्रीडचं पिल्लू येणारे आणि फ्लॅट आहे त्यांनी जरूर वाचा.

आणला तेव्हा आठ आठवड्यांचा होता, लसीचे डोस अजून पूर्ण व्हायचे होते, पार्वोच्या (पिल्लांना होणारा जीवघेणा संसर्ग) भीतीने डॉक्टरांनी सोसायटीच्या बागेत खाली सोडायचं नाही असं बजावलं होतं. मग तोवर पेपरवर करू दे, असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. पायाखाली काय असलं की शू करायची हे पिल्लाच्या डोक्यात साधारण याच वयात पक्कं होतं, आणि पेपरची सवय लागली की पुढे पायपुसणं, सतरंजी, खाली पडलेली चादर सगळंच चालतं त्याला. चिवावासारख्या इवल्याशा कुत्र्याचं एकवेळ पुसून होतं, पण डेनची शू म्हणजे अख्खा टॉवेल भिजतो! म्हणून नर्सरीतून लॉनचा तुकडा आणला, मोठ्या पसरट ट्रेमध्ये माती घालून त्यावर ठेवला आणि ट्रे गॅलरीत. झोपेतून उठला की ट्रेवर, खेळून झालं की ट्रेवर, जेवण झाल्यावर पाच ते तीस मिनिटांत शी होतेच तेव्हा तिथेच उभं राहायचं, आणि झाल्या झाल्या तिथल्या तिथे उकडलेल्या चिकनचा तुकडा. आत येऊन दिला तर त्याला वाटतं आत आल्याचंच बक्षीस मिळालं.

डोस पूर्ण झाल्यावर डॉक्टरांना विचारून खाली न्यायला लागलो तेव्हा गवत ओळखीचं होतं, पहिल्याच दिवशी पाय ठेवला आणि केली. काय आनंद झाला म्हणून सांगू!

क्रेटचं, म्हणजे पिल्लाला झोपायला ठेवतात त्या पिंजऱ्याचं, एक सांगतो. डेनसाठी पुढे वाढेल म्हणून मोठाच घेतला, पण एवढी जागा मिळाली तर पिल्लू एका कोपऱ्यात शू करून दुसऱ्या कोपऱ्यात झोपतं. मध्ये प्लायवूड अडकवून फक्त अंग वळवता येईल एवढीच जागा ठेवली, तो वाढेल तसं प्लाय मागे सरकवतोय. वयाच्या महिन्यांत एक मिळवायचा, फार तर तेवढे तास पिल्लू शू धरू शकतं असा ठोकताळा आहे, पण तो शांत पडून असेल तेव्हाचा, जागं आणि खेळत असेल तर त्यावर अजिबात विसंबू नका.

शीच्या आधी नाक जमिनीला लावून गोल फिरतो, ते कुणालाही कळतं. शूचं तसं नाही. तोंडातलं खेळणं मध्येच टाकतो, क्षणभर थांबतो आणि डायनिंग टेबलाच्या मागे चालायला लागतो. हे आईने आधी ओळखलं, "अरे ने त्याला, तो बघ निघाला" एवढं ऐकलं की पट्टा अडकवून थेट लिफ्ट. जिन्याने अजून नेत नाही, मोठ्या ब्रीडची हाडं-सांधे बरेच महिने कच्चे असतात. आत कधी झालीच तर ओरडायचं नाही, नाक घासणं तर मुळीच नाही, त्याने पिल्लू फक्त लपून करायला शिकतं. आणि फिनाईल नको, कुत्र्याच्या पंजांना आणि पोटाला ते वाईट, एन्झाईमवालं क्लीनर घ्या, वास मुळापासून गेला नाही तर परत तिथेच जातात.

आता अडलंय ते पावसामुळे. ओल्या गवतावर पाय टाकायला तयार नाही, कान मागे घेऊन परत लिफ्टकडे ओढतो, आणि ओढतो म्हणजे डेन ओढतो. साचलेल्या पाण्यातून तर मीच नेत नाही, लेप्टोची (अशा पाण्यातून होणारा आजार) लस झाली असली तरी. सध्या पार्किंगच्या छताखाली कडेला ट्रेमधला तोच लॉनचा तुकडा ठेवलाय, तिथे करतोय. रोज थोडा थोडा उघड्यावर सरकवायचा विचार आहे, कुणी असं केलं असेल तर किती हळू सरकवलं ते सांगा.